मागच्या ॲक्सलमधले ४१ दाते

मार्च १९६४ च्या अंकात ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन मासिकाने पॉन्टिॲकच्या जीटीओ या नव्या मोटारीची चाचणी प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर ही मोटार आणि इटलीची फेरारी जीटीओ एकमेकींशी झुंजताना रंगवलेल्या होत्या. फेरारी प्रत्यक्षात चाचणीला आलीच नव्हती. ती लढत चित्रकाराच्या कुंचल्यापुरतीच होती. आतल्या पानांवरील आकडे त्याहून चकित करणारे निघाले. स्थिर अवस्थेतून निघालेल्या पॉन्टिॲकने पाव मैलाचे, म्हणजे ४०२ मीटरचे अंतर १३.१ सेकंदांत कापले होते आणि शेवटची रेषा ओलांडताना तिचा वेग ताशी ११५ मैल, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटर भरला होता. कुटुंबासाठी बेतलेल्या मध्यम आकाराच्या सांगाड्यावर मोठे इंजिन बसवलेली ही मोटार विक्रेत्याकडे जाऊन कोणालाही मागवता येत होती. कारखान्याने तिची कमाल शक्ती ३४८ अश्वशक्ती जाहीर केली होती.

अशा आकड्यांचे एक सोपे स्पष्टीकरण हौशी मंडळींत नेहमी दिले जाते: मागच्या ॲक्सलचा गियर बदललेला असणार. ‘मसल कार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मोटारींच्या इतिहासात मागच्या ॲक्सलच्या गियरइतके स्वस्त आणि परिणामकारक दुसरे साधन नव्हते, हे खरेच आहे. इंजिनाला हातही न लावता, दोन दातेरी चाके बदलून मोटारीचा स्वभाव पालटता येत असे. पण त्या दोन चाकांनी नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हिशेब मांडला की १९६४ सालच्या त्या चाचणीचे कोडे सुटते. आणि पुढच्या वीस वर्षांत अमेरिकी मोटारींना काय झाले, तेही त्याच हिशेबातून वाचता येते.

इंजिनाची फिरकी गियरबॉक्समधून लांब प्रोपेलर शाफ्टने मागे येते. शाफ्टच्या टोकाला पिनियन हे लहान दातेरी चाक असते. ते क्राउन या मोठ्या चाकाला फिरवते आणि फिरकीची दिशा काटकोनात वळून चाकांकडे जाते. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की ॲक्सलचे गुणोत्तर मिळते. जनरल मोटर्सच्या ॲक्सलमध्ये क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला १० दाते असले, तर गुणोत्तर ४.१०. पिनियनला ११ असले तर ३.७३, ९ असले तर ४.५६. उलट दिशेने गेले, तर १५ दात्यांना २.७३, १६ दात्यांना २.५६ आणि १७ दात्यांना २.४१. ४१ हा आकडा अनेक जोड्यांत कायम आहे. बदलतो तो पिनियन.

४१ च का, ४० का नाही, हा प्रश्न रास्त आहे. क्राउनला ४० आणि पिनियनला १० दाते ठेवले, तर पिनियनचा प्रत्येक दाता जन्मभर क्राउनच्या त्याच चार दात्यांना भेटत राहील. एका दात्यावर सूक्ष्म खोट असेल, तर ती त्याच चौघांना पुन्हा पुन्हा घासून कोरत जाईल. ४१ ही मूळ संख्या असल्याने ती कोणत्याही पिनियनशी सामाईक विभाजक ठेवत नाही. ४१ आणि १० च्या जोडीत प्रत्येक दाता दुसऱ्या चाकाच्या प्रत्येक दात्याला भेटून येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला ही पूर्ण प्रदक्षिणा पाऊण सेकंदात उरकते. झीज सर्वांत सारखी वाटली जाते. फोर्डच्या काही जोड्या या नियमाला अपवाद होत्या. ३.०० गुणोत्तराच्या जोडीत ३९ आणि १३ दाते असत; तेच दाते पुन्हा पुन्हा भेटणार हे ठाऊक असल्याने कारखाना त्यांवर रंगाच्या खुणा करी, आणि जोडणी करताना त्या खुणा जुळवाव्या लागत.

गुणोत्तर वाढवले की चाकावर येणारा पीळ, म्हणजे टॉर्क, त्याच प्रमाणात वाढतो. शक्ती वाढत नाही. शक्ती म्हणजे टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. दातेरी चाक एकाला जेवढे वाढवते तेवढे दुसऱ्याला घटवते, आणि वर घर्षणापोटी थोडी खंडणीही घेते. सुमारे ६६ सेंटीमीटर व्यासाचे टायर ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला जवळपास ८०० फेरे घेते. गियरबॉक्सचा वरचा गियर थेट असेल, तर ३.०८ च्या ॲक्सलला त्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,४७० फेरे फिरेल, ४.१० ला ३,२९० आणि ४.५६ ला ३,६६०. मोटार तीच, रस्ता तोच, वेगही तोच. फक्त इंजिनाचा आवाज, तापमान आणि पेट्रोलची तहान वेगळी. भारतात बुलेटवर लांबचा प्रवास करणारे लोक गियरबॉक्सकडचा स्प्रॉकेट एखाद्या दात्याने मोठा बसवतात, तोही हाच सौदा आहे. फक्त उलट बाजूने केलेला.

मग गुणोत्तर वाढवल्याने मोटार पळते कशी? कारण इंजिन सर्व फेऱ्यांना सारखी शक्ती देत नाही. जीटीओचे इंजिन आपली कमाल शक्ती मिनिटाला ४,९०० फेऱ्यांच्या आसपास देई. त्याखाली ते जितके रेंगाळेल तितकी शक्ती वाया गेली. त्या काळी गियर फार तर तीन किंवा चार. दोन गियरांमधले अंतर मोठे. मागचे गुणोत्तर वाढवले की प्रत्येक गियरमध्ये इंजिन आपल्या सुपीक पट्ट्यात लवकर पोहोचते आणि तिथे अधिक काळ राहते. एवढेच घडते, पण पाव मैलाच्या शर्यतीत एवढेच फार मोठे असते.

इष्ट गुणोत्तर काढण्याची रीतही त्यातूनच निघते. मोटार रेषा ताशी १०० मैलांनी ओलांडणार असेल, तर तेव्हा तिची चाके मिनिटाला सुमारे १,२९० फेरे घेत असतील. त्या क्षणी इंजिन वरच्या गियरमध्ये कमाल शक्तीच्या जरा पुढे, समजा ५,००० फेऱ्यांवर असावे. ५,००० भागिले १,२९० केले की ३.८८ येते. पॉन्टिॲकच्या पर्यायांच्या यादीत ३.९० होते, हा योगायोग नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मात्र ३.२३ मिळे, कारण त्याला रोज कामावर जायचे असे.

३.२३ ऐवजी ३.९० लावले की प्रत्येक गियरमध्ये चाकावरचा पीळ २१ टक्क्यांनी वाढतो. पहिल्या गियरमध्ये मात्र त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. जीटीओच्या इंजिनाचा जाहीर टॉर्क ४२८ पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ५८० न्यूटन-मीटर होता. पहिल्या गियरच्या २.५६ ने आणि ॲक्सलच्या ३.२३ ने गुणून चाकाच्या त्रिज्येने भागले, तर रस्त्याला मागे रेटणारे बल १४,००० न्यूटनच्या वर जाते. जाहिरातीतला आकडा फुगीर समजून पाचवा हिस्सा वजा केला, तरी ११,००० हून अधिक उरते. आणि मागच्या दोन अरुंद टायरांवर मोटारीचा निम्माही भार नसे. वेग घेताना भार मागे सरकतो हे धरूनही त्या काळच्या रबराला ८,००० न्यूटनच्या पलीकडे जमीन धरून ठेवणे कठीण होते. म्हणजे मूळच्या ३.२३ वरही पहिल्या गियरमध्ये पूर्ण दाब दिला की टायर घसरून धूर काढणारच. धूर दिसायला शौर्याचा, मोजायला तोट्याचा. गुणोत्तराचा खरा लाभ दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गियरमध्ये पदरात पडे.

आता मासिकाच्या आकड्याकडे परत जाता येते. चालकासह मोटारीचे वस्तुमान सुमारे १,६५० किलो धरू. ताशी ११५ मैल वेगाला तिची गतिज ऊर्जा जवळपास २१.८ लाख ज्यूल होते. ती १३.१ सेकंदांत मिळवायची, तर पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत सरासरी १६६ किलोवॉट शक्ती चाकांपर्यंत पोहोचली पाहिजे. यात हवेचा विरोध, टायरांतली हानी, गियर बदलतानाची उसंत काहीच धरलेले नाही. पहिल्या काही सेकंदांत तर टायर घसरतील म्हणून पूर्ण शक्ती वापरताच येत नाही. ती तूट नंतर भरून काढावी लागते. ३४८ अश्वशक्ती म्हणजे २६० किलोवॉट. पण हा आकडा पंखा, नेहमीचा एक्झॉस्ट, जनित्र यांचे ओझे उतरवून प्रयोगशाळेत मोजलेला. रस्त्यावर चाकांपर्यंत त्यातले बरेच कमी पोहोचे. उरलेल्या सेकंदांची तूट भरण्याइतकी शिल्लक त्या इंजिनात नव्हती.

३.९० चा ॲक्सल लावलेला होता असे मानले, तरी हे गणित सुटत नाही. शर्यतीला लागलेला वेळ हा गियर, टायर आणि चालकाच्या पायाचे कौशल्य या सर्वांची मिळून गोष्ट सांगतो. रेषेवरचा वेग मात्र प्रामुख्याने शक्ती आणि वजनाचीच साक्ष देतो. चांगले गुणोत्तर वेळेत अर्ध्या सेकंदाची चोरी करू शकते; वेगात ताशी १५ मैलांची भर घालू शकत नाही. त्याच वर्षी इतरांनी तपासलेल्या जीटीओ रेषा ओलांडताना ताशी १०० मैलांच्या आसपास होत्या.

पॉन्टिॲकच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी बऱ्याच वर्षांनी आपल्या आठवणींत खुलासा केला. चाचणीसाठी दिलेल्या मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे ६.४ लिटरचे नेहमीचे इंजिन नव्हतेच. बाहेरून अगदी तसेच दिसणारे ४२१ घनइंचांचे, ६.९ लिटरचे इंजिन तिच्यात गुपचूप बसवले होते. मासिकाच्या पानावरचा वेगाचा आकडा तीन दशके ते गुपित उघडपणे सांगत होता. कोणी हिशेब केला असता तर.

खोटेपणा उघड झाला तरी जीटीओचे यश खोटे नव्हते. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये असा दंडक घातला होता. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इंजिन स्वतंत्र मोटार म्हणून न देता टेम्पेस्ट ल मान्सवरचा एक ‘पर्याय’ म्हणून विकायला काढले आणि दंडकाला वळसा घातला. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या. मग बाकीचे कारखाने मागे लागले आणि विक्रेत्याच्या मेजावरची यादी लांबत गेली: कोणते इंजिन, कोणता गियरबॉक्स, कोणता ॲक्सल.

फोर्डने १९६९ च्या मोटारींसाठी केलेली योजना या साऱ्यांत सर्वांत बोलकी आहे. ४२८ कोब्रा जेट इंजिनाच्या गिऱ्हाइकाने ३.९१ किंवा ४.३० चा ॲक्सल मागितला, की कारखाना त्याला आपोआप निराळे इंजिन देई: अधिक भक्कम कनेक्टिंग रॉड आणि ऑइल थंड करण्याची सोय असलेले सुपर कोब्रा जेट. कारण उघड होते. असा ॲक्सल मागणारा माणूस इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर पिळणार, हे अभियंत्यांनी ओळखले होते. मागच्या गियरवरून पुढचे इंजिन ठरत होते. क्रायस्लरने आपल्या दणकट हेमी इंजिनाच्या चार गियरी मोटारींना डाना कंपनीचा ट्रकला शोभेल असा ॲक्सल दिला, त्यात ३.५४ किंवा ४.१० निवडता येई.

हे सारे दाते ज्या आकाराचे आहेत, तो आकार मात्र मसल कारच्या कितीतरी आधीचा. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर येथील ग्लीसन वर्क्स हा कारखाना १८७४ पासून तिरकस दात्यांची चाके कापण्याची यंत्रे बनवत होता. (संस्थापकाची कन्या केट ग्लीसन १९१४ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेची पहिली पूर्ण स्त्री-सदस्य झाली. या कारखान्याचा इतिहास सांगताना तिचे नाव अनेकदा गळते, म्हणून ही नोंद.) १९२६ मध्ये पॅकार्डने ग्लीसनच्या पद्धतीचे हायपॉइड गियर मोटारीत आणले. त्यात पिनियनचा आस क्राउनच्या मध्यातून न जाता त्याच्या खालून जातो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली गेला, मोटारीचा तळ खाली आला, आणि दात्यांची पकड मोठी झाल्याने गियर अधिक मजबूत आणि कमी आवाजाचे झाले.

किंमत ऑइलने मोजली. साध्या चाकांचे दाते एकमेकांवर मुख्यतः लोळतात. हायपॉइडचे दाते प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने घसरतातही. साध्या ऑइलचा थर त्या दाबाने फाटतो आणि धातूला धातू भिडतो. म्हणून गंधकयुक्त रसायने मिसळलेली खास ऑइले आली. त्यांतल्या एका घटकाचा उगम समुद्रात होता. स्पर्म व्हेल या महाकाय देवमाशाच्या डोक्यातून आणि चरबीतून निघणारे तेल इतर प्राणिज तेलांसारखे नसते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते द्रवरूप मेण आहे. उष्णतेत टिकणारे, धातूला चिकटून राहणारे. गंधकाशी संयोग करून ते गियर ऑइलात मिसळले जाई.

मसल कारमध्ये त्याची आणखी एक जागा होती. साधे डिफरन्शियल एक चाक घसरू लागले की सारी फिरकी त्यालाच देते. म्हणून त्यात क्लचच्या तबकड्या बसवून दोन्ही चाकांना बांधून ठेवण्याची युक्ती निघाली. शेव्हरोलेने १९५७ पासून ती पॉझिट्रॅक्शन या नावाने दिली. पण मोटार वळताना या तबकड्या एकमेकींवर अगदी सावकाश सरकतात आणि तिथे भौतिकशास्त्रातले जुनेच दुखणे उपटते: स्थिर घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असेल, तर पृष्ठभाग चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. व्हायोलिनच्या तारेवर गज असाच चालतो आणि गंजलेली बिजागरी अशीच कुरकुरते. ॲक्सलमध्ये त्याची थडथड होई. सावकाश सरकताना घर्षण कमी राहील असे द्रव्य ऑइलात लागे, आणि देवमाशाच्या तेलासारखे लांब साखळीचे मेण त्या कामाला उत्तम होते.

१९७० च्या अखेरीस अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. ऑइल बनवणाऱ्यांना पर्याय शोधावे लागले. त्या शोधात एका वाळवंटी झुडपाचे नाव पुढे आले, होहोबा. मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या या झुडपाच्या बियांत वजनाच्या जवळपास निम्मे द्रवरूप मेण असते आणि ते देवमाशाच्या तेलाशी विलक्षण मिळतेजुळते आहे.

भारताचा या गोष्टीशी संबंध इथे येतो. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने होहोबाची रोपे इस्रायलमधून १९६५ मध्येच आणली होती. अमेरिकेतील बंदीला तेव्हा पाच वर्षे अवकाश होता. इथे प्रश्न होता तो थरच्या वाळूत काय तगेल हा. पुढे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनेही या झुडपावर काम केले, आणि १९९० च्या दशकात राजस्थानात इस्रायलच्या तांत्रिक साहाय्याने त्याची लागवड झाली. होहोबा गियर ऑइलाचा मुख्य घटक मात्र झाले नाही. कारखान्यांत तयार होणारी कृत्रिम द्रव्ये स्वस्त पडली आणि होहोबाचे तेल सौंदर्यप्रसाधनांकडे गेले. आज जुन्या मोटारीचे गियर बदलणारा कारागीर शेवटी ॲक्सलमध्ये एक छोटी बाटली ओततो, थडथड थांबवण्यासाठी. तिच्यात आता मासा नाही आणि झुडूपही नाही.

देवमाशाचे तेल बंद झाले त्याच सुमारास मसल कारभोवतीचे जगही आवळत गेले. १९७० च्या हवा-शुद्धता कायद्याने इंजिने सौम्य केली. विमा कंपन्यांनी तरुण चालकांच्या हप्त्यांचा भार वाढवला. १९७२ पासून शक्तीचे आकडे सर्व ओझ्यांसह मोजून जाहीर होऊ लागले आणि कागदावरचे घोडे एका रात्रीत घटले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखला. जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक कारखान्याच्या साऱ्या मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर बंधन आणले.

इंजिन नव्याने बनवायला वर्षे लागतात. पिनियनचे दाते वाढवायला तितका वेळ लागत नाही. पॉन्टिॲकच्या फायरबर्ड ट्रान्स ॲममध्ये याच दशकात २.४१ चे गुणोत्तर आले: तेच ४१ दाते, पण समोर आता १७. ताशी ५५ मैलांना असे इंजिन मिनिटाला जेमतेम १,७०० फेरे घेई; ४.१० ला ते २,९०० घेतले असते. इंजिन सावकाश फिरले की अंतर्गत घर्षण घटते. शिवाय तेवढीच शक्ती कमी फेऱ्यांतून काढायची तर थ्रॉटल अधिक उघडा ठेवावा लागतो, आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात जाणारी ऊर्जा वाचते. पेट्रोलची बचत खरी होती. पण तीन गियरांच्या स्वयंचलित गियरबॉक्सचा पहिला गियर २.५२ आणि ॲक्सल २.५६ असेल, तर दोहोंचा गुणाकार ६.४५ भरतो. १९६४ च्या जीटीओत ३.९० च्या ॲक्सलसह तो जवळजवळ १० होता. सिग्नल हिरवा झाल्यावर मोटार जी सुस्त वाटे, तिचे अर्धे कारण थकलेल्या इंजिनात आणि अर्धे या गुणाकारात होते. पुढे अनेकांनी त्या काळच्या इंजिनांना सरसकट नालायक ठरवले. तो काही अंशी अन्याय आहे.

या पेचातून सुटका केली ती चौथ्या गियरने. १९८० मध्ये फोर्डने आणि १९८२ मध्ये जनरल मोटर्सने असा स्वयंचलित गियरबॉक्स आणला, ज्यात वरच्या गियरला शाफ्ट इंजिनापेक्षा जलद फिरतो. जनरल मोटर्सच्या ७००आर४ मध्ये पहिला गियर ३.०६ आणि चौथा ०.७०. मागे ३.७३ लावले तर निघताना गुणाकार ११.४ आणि महामार्गावर २.६१. जीटीओपेक्षा जोरदार सुरुवात आणि जवळपास तेलसंकटातल्या मोटारीइतकीच संथ वाटचाल, एकाच मोटारीत. म्हणूनच आज जुन्या मोटारींचे मालक आधी गियरबॉक्स बदलतात आणि मग मागचे गुणोत्तर वाढवतात. केवळ ४.१० लावून मोकळे झालेल्या अनेकांना पहिल्याच लांबच्या प्रवासात कान धरावे लागले आहेत.

काम करणाऱ्यासाठी हा बदल वाटतो तितका सोपा नाही. फोर्डचा १९५७ पासूनचा नऊ इंची ॲक्सल त्याला सर्वांत प्रिय, कारण त्याचा मधला सारा गोळा पुढून बाहेर निघतो आणि कामाच्या टेबलावर निवांत बसवता येतो. जनरल मोटर्सच्या ॲक्सलचे झाकण मागून उघडते आणि सारी जुळणी मोटारीखाली आडवे पडून करावी लागते. तिथे पिनियनचा आकार फार बदलला, तर क्राउन धरणारी चौकटही बदलावी लागते, कारण लहान पिनियनपर्यंत जुना क्राउन पोहोचतच नाही. मागच्या झाकणाला १२ बोल्ट असलेल्या प्रकारात क्राउनच्या बोल्टांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस ते सैल करतो आहे असे समजून आवळत बसतो.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एका जोडीतला क्राउन दुसऱ्या जोडीच्या पिनियनशी संसार करीत नाही. पिनियन किती आत बसावा हे कागदाइतक्या पातळ पोलादी शिमांनी ठरते. मग दोन्ही चाकांच्या दात्यांमध्ये साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरचा मोकळेपणा ठेवायचा, केसाच्या दोन-तीन जाडींइतका. तो कमी पडला तर तापून ऑइलचा थर जळतो. जास्त झाला तर प्रत्येक धक्क्याला दाते एकमेकांवर आपटतात. शेवटी दात्यांना पिवळा लेप लावून चाके हाताने फिरवायची आणि पुसल्या गेलेल्या लेपाचा ठसा वाचायचा. ठसा दात्याच्या मध्यावर हवा. कडेला गेला तर सारे पुन्हा उघडायचे. चुकीच्या ठशाची मोटार ठराविक वेगाला एका सुरात रडत राहते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. वेगदर्शकाची केबल गियरबॉक्सच्या शेपटीतून निघते, म्हणजे ॲक्सलच्या अलीकडून. ३.०८ काढून ४.१० लावले आणि तिथले लहान रंगीत प्लास्टिकचे चाक बदलले नाही, तर ताशी १०० किलोमीटरला काटा १३३ दाखवतो आणि मैलांचा आकडाही तितक्याच उत्साहाने पुढे धावतो.

नवी जोडी बसवल्यावर पहिले काही दिवस मोटार हळुवार चालवायची, मधूनमधून थांबून ॲक्सल गार होऊ द्यायचा आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर ऑइल काढून टाकायचे. त्या ऑइलात दात्यांनी एकमेकांना सामावून घेताना सोडलेली राखाडी चकाकी दिसते. ॲक्सलच्या नळीवर कारखान्याने ठोकलेले मूळ गुणोत्तराचे अक्षर तसेच राहते, आणि संग्राहक ते भिंगातून तपासतात. म्हणून जाणता मालक काढलेली जुनी जोडी भंगारात देत नाही. ऑइलच्या फडक्यात गुंडाळून, वर दात्यांची संख्या लिहून, फळीवर ठेवतो.